आपला गोल कुठला

खोटं बोललात तुम्ही. भर उजेडात, हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत, एका पडलेल्या माणसाच्या कानाशी वाकून खोटं बोललात आणि वर पांढऱ्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसलंत. काही होत नाही, म्हणालात. उठ, काही होत नाही. तेवढ्यावर प्रभुलिंग उठला, आणि त्यानंतरची सगळी वर्षं तो तेवढ्यावरच उभा राहिला. आता त्याच्या पायाखालची माती हलायला लागलीय, तर तुम्ही कुठं आहात? असाल कुठल्यातरी गार हॉलमध्ये, छातीला बिल्ला लावून, कुठल्यातरी फुटबॉल करंडकाचा नारळ फोडत. बसा तिथंच. तुमच्याकडं यायचंच आहे. आधी खिळ्याचं ऐका.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरातलं ते मैदान पुढं बरेच दिवस मैदान राहत नाही. पाळणे उतरतात, तंबू सुटतात, भेंडबत्ताशाची दुकानं टेम्पोत भरून पुढच्या गावाला जातात आणि मातीत मागं राहतात खिळे, तारांचे तुकडे, बाटल्यांची बुचं, बांगड्यांच्या काचा. त्याच मातीवर जिल्ह्याच्या मुलींच्या फुटबॉल संघानं पडायचं, घसरायचं, सूर मारायचा. प्रभुलिंग त्या संघाचा कोच. कधीकाळी कोलकात्यात मोठ्या क्लबाकडून खेळलेला, उंचपुरा, मानेनं बैलासारखा, डोक्यानं बॉल मारण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही असा स्टॉपर, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. त्यानं या मातीवर एक इलाज काढला होता. भंगारातून फुटक्या लाउडस्पीकरांची चुंबकं आणून ती एका लाकडी फळीच्या तळाला ओळीनं बसवली, फळीच्या दोन्ही टोकांना दोर बांधले आणि ती फळी रानात कुळव मारावा तशी पट्ट्यापट्ट्यानं मैदानभर ओढायची. टोकाला जाऊन उलटी केली की फळीला खिळ्यांची दाढी फुटलेली असायची. पोरी त्या फळीला सरांची म्हैस म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या ओरडायच्या, ‘आज म्हैस कोण चारणार गं?’ म्हैस लोखंड खायची, काच खायची नाही. काच आपली आपण बघायची, असं प्रभुलिंग सांगायचा. चुंबकाला खिळा कळतो, काच कळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्या शनिवारी सकाळी संघप्रियानं बुटाची नाडी आवळता आवळता विचारलं, ‘सर, कडुलिंबाकडचा, गोलपुढचा बॉक्स झालाय का वो? म्हैस फिरली तिकडं?’ संघप्रिया म्हणजे त्याच्या संघाचा कणा. वीस वर्षांची, बुद्धनगरातली, हवेत उडाली की खाली यायचं विसरते अशी. प्रभुलिंग म्हणाला, ‘झालाय की. काल मीच फिरवली.’ आणि हे तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या तळहाताला दोर काचल्याची आग अजून होती. गोलपोस्टाजवळ फळी एका ढेकळाला अडली होती, ती त्यानं पायानं उचलली होती, उलटी केल्यावर तंबूचा एक लांब वाकडा खिळा निघाला होता आणि त्यावर मेंदीचा वाळका पाला चिकटला होता. इतकं स्वच्छ आठवत होतं. मग संघातल्या उत्कर्षानं उजवीकडून गोलसमोर क्रॉस टाकला, संघप्रियानं सूर मारला, बॉल तिच्या कपाळावरून जाळीत गेला, पोरी ओरडल्या, आणि संघप्रिया उठलीच नाही. बसून स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. अंगठ्याच्या मुळाशी मांसात खिळा शिरला होता. रक्त फारसं नव्हतं. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, ‘सर, तुमची म्हैस उपाशी होती की.’

पोरी हसल्या. प्रभुलिंगही हसायला गेला. तेवढ्यात गोलकीपर अंकिता, जिला गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही, ती म्हणाली, ‘काल कुटं फिरवली सर? काल तर मैदानाला कुलूप हुतं. आपण कुणीच आलो न्हाय. तुमी मागच्या वर्षाचं सांगायलाव. तवा तुमी एकट्यानं हा बॉक्स केलता, माझा पाय मुरगाळलाता बघा त्या टायमाला.’ तिनं हे सहज सांगितलं, जसं आपण कुणाला शर्टाचं बटण उघडं असल्याचं सांगतो. पण प्रभुलिंगच्या आत काहीतरी एकदम थांबलं. लहानपणी तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बापाचा डबा घेऊन जायचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये कानाचे पडदे फाटतील असा खडखडाट. आणि मध्येच वीज जायची. सगळे माग जागच्या जागी थांबायचे, टॉवेल अर्धे विणलेले, सूत ताणलेलं, सूत नेणारा धोटा जिथं असेल तिथं, आणि शेडभर अशी शांतता पसरायची की अंगावर काटा यावा. ती शांतता आता त्याच्या डोक्यात होती. किती वेळ होती कुणास ठाऊक. ‘सर, चला की दवाखान्यात,’ संघप्रिया म्हणत होती आणि बहुतेक दुसऱ्यांदा म्हणत होती.

स्कूटरवर ती मागं बसली होती, हात रुमालात गुंडाळून, आणि बडबडत होती. उद्या रविवारी निवडीचा सामना. पुण्याहून एका क्लबाचा माणूस येणार होता, खास तिलाच बघायला, तिचं हेडिंग बघायला. क्लब मिळाला की राष्ट्रीय स्पर्धा, स्पर्धा खेळली की खेळाडू कोट्यातून नोकरी. आई पारूबाई टॉवेलांना शिलाई मारून मारून पाठीत वाकली होती. हे सगळं प्रभुलिंगला पाठ होतं, त्यानंच त्या माणसाला फोन करकरून बोलावलं होतं. पण त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. हात. आठवणीत त्याला स्वतःचे हात दिसले होते. दोर धरलेले, नखांत माती गेलेले. आणि हात दिसले म्हणजे आठवण खरी, ही त्याची अनेक वर्षांची कसोटी होती. ती कसोटी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. दिपालीलाही, म्हणजे बायकोलाही नाही.

कारण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल प्रभुलिंगनं पाहिलेला नाही.

सगळं सोलापूर त्याला त्या गोलवरून ओळखतं. कोलकात्यातली सेमीफायनल, चिखलानं जड झालेलं मैदान, शेवटच्या क्षणाचा कॉर्नर, आणि आपला प्रभुलिंग सगळ्यांच्या वर उठून बॉल डोक्यानं जाळीत घालतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. गावात आल्यावर उघड्या जीपमधून मिरवणूक, हलग्या, एमआयडीसीच्या गेटवर माग बंद करून बाहेर आलेले कामगार, आणि त्यांच्यात बाप धोंडप्पा, अंगावर कापसाची भुकटी तशीच, एका हातानं डोळे पुसणारा. त्यानंतर शाळांची गॅदरिंगं, गणपती मंडळं, सत्कार. सत्कार करायला तुम्हाला माणसं लागतात, विचारपूस करायला लागत नाहीत. प्रत्येक ठिकाणी प्रभुलिंगनं तो गोल सांगितला. बॉल कसा वळत आला, त्यानं पाऊल कसं मागं घेतलं, मानेला झटका कसा दिला. सांगून सांगून त्याला तो दिसायलाही लागला. पण कसा दिसायचा? त्याला स्वतःची पाठ दिसायची. पाठीवरचा नंबर दिसायचा. जरा उंचावरून, गोलच्या मागून. कॅमेरा जिथं होता तिथून. माणसाला आपल्या आठवणीत आपली पाठ दिसत नसते. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो कुठल्यातरी शाळेच्या स्टेजवर होता, हातात माईक होता, समोर पोरं टाळ्या वाजवत होती, आणि तो वाक्याच्या मधेच गप्प झाला. सगळ्यांना वाटलं गहिवरून आलं.

त्या दिवसातलं खरं त्याला काय आठवतं ते सांगतो. पहिल्या अर्ध्यात समोरच्या धिप्पाड फॉरवर्डचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. गवताचा वास आला. गवत इतकं जवळ होतं की एकेक पातं मोठ्या झाडाएवढं. मग मानेवर गार स्प्रेचा फवारा. मग पांढरा टॉवेल. मग डोळ्यांसमोर पांढरे बूट, चिखलात उभे असून एकही शिंतोडा न उडालेले. आणि वरून आवाज, कुछ नहीं होता, उठ. चेहरा नाही. कितीही ताण दिला तरी त्या बुटांच्या वर चेहरा येत नाही. त्यानंतर वीज गेली. वीज आली तेव्हा तो हॉटेलच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून ओकत होता आणि बाहेर पोरं दार बडवून बंगाली वळणानं गात होती, ‘प्रोभुदा, प्रोभुदा.’ मधल्या वेळात तो उठला होता, खेळला होता, गोल मारला होता, पत्रकारांशी बोलला होता, बापाला फोन करून कानडीत ‘अप्पा, गेद्देवी’ म्हणाला होता, जिंकलो म्हणून. हे सगळं कुणी केलं? त्याच्या अंगात शिरून दुसरा कोण खेळला? आणि तो दुसरा गेला की अजून आतच आहे?

त्यानंतर तर तुम्हाला त्याचं डोकंच हवं झालं. पाय नको, डोकं. सरावाला बॉल दोरीला टांगून, भिजवून जड करून मारायला लावायचात, मान घट्ट होते म्हणून. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. कुठल्या क्लबात कोण बुटाचा नंबर विचारतं, कोण गुडघ्याचा फोटो काढतं. त्याच्या डोक्याचा फोटो काढावा असं तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. परदेशात लहान पोरांना डोक्यानं बॉल मारायची बंदी केलीय हे प्रभुलिंगनं अलीकडं मोबाईलवर वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. जसं कुणाचं तरी खाजगी पत्र चुकून वाचलं गेलं.

दवाखान्यात नर्सनं खिळा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. संघप्रिया ओठ चावून बसली आणि प्रभुलिंगनं तोंड फिरवलं तेव्हा म्हणाली, ‘तुमी भेता का काय सर सुईला? मला लागलंय आन तोंड तुमी वाकडं करायलाव.’ तिला घरी सोडलं. पारूबाई दारातच होती, शिलाईचे दोरे साडीला चिकटलेले. पोरीच्या हाताकडं तिनं बघितलं, मग कोचकडं. ‘उद्या खेळंल की वो सर?’ एवढंच विचारलं. ‘खेळंल की. हाताला लागलंय, डोक्याला नाही,’ प्रभुलिंग म्हणाला, आणि आपलंच वाक्य त्याला कुणीतरी दुसऱ्यानं बोलल्यासारखं ऐकू आलं.

परत येताना तो सात रस्त्याला थांबला. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, ‘ओ भाई, सो गये क्या?’ म्हणून ओरडून पुढं गेला. प्रभुलिंग जागेवरच. या चौकातून तो हजारदा गेलाय. इथं रस्ते किती फुटतात हे नावातच आहे, पण त्यातला एकही आज त्याच्याकडं बघून ओळखीचं हसला नाही. पाटी वाचली तर अक्षरं कळत होती, जागा कळत नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं, डांबराचा वास येत होता. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. पेनल्टीच्या वेळी गोलकीपर उभा असतो तसा तो उभा होता. बॉल येणार हे माहीत, कुठून ते माहीत नाही. मग एक भजीवाला मिरच्या तळायला लागला, त्या ठसक्यानं शिंक आली, आणि त्या शिंकेसरशी घराचा रस्ता जिथल्या तिथं आला. जणू कुठं गेलाच नव्हता.

घरी दिपालीनं ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते, पोरांना ओरडून घसा बसलेला असतो, त्यामुळं घरात हळू बोलते. पण त्या दिवशी ती हळू बोलली ते वेगळं होतं. ‘तुम्हाला एक सांगायचंय, चिडू नका.’ ‘बोल.’ ‘मागच्या आठवड्यात जेवताना तुम्ही माझ्याशी कानडीत बोलत होता.’ प्रभुलिंग हसला. ‘मग? माझ्या आईची भाषा आहे. दोन शब्द गेले असतील.’ ‘दोन शब्द नाही. जेवण होईपर्यंत. मला कानडी येत नाही हे तुम्हाला माहीतच नव्हतं जसं काही. मी नुसतं हं हं करत राहिले. शेवटी उठताना मला अव्वा म्हणालात.’ ती ताटाकडं बघत होती. ‘तुमच्या आईला जाऊन किती वर्षं झाली, अहो?’  प्रभुलिंगनं घास उचलला, तोंडात घातला, चावला. चव आली नाही. ‘काय बोललो मी?’ त्यानं विचारलं. ‘मला काय कळणार? पण हसत होता. खूप हसत होता. इतकं माझ्याशी कधी हसला नाहीत.’

आईशी तो काय बोलला असेल? दिवसभर, संध्याकाळभर तो हेच शोधत राहिला. आणि शोधता शोधता आठवणीत बाप आला. धोंडप्पाच्या कपाळावर डाव्या बाजूला एक खळगा होता, रुपया मावेल एवढा. तरणा असताना मागातून सुटलेला धोटा तिथं बसला होता. मालकानं हळद दाबली, चहा पाजला आणि परत मागावर उभं केलं, होत नाही काही म्हणून. त्यालाही म्हातारपणी तसंच झालं. घरात मधेच उठायचा, भिंतीसमोर जाऊन उभा राहायचा आणि हवेत बोटं हलवून तुटलेलं सूत जोडायचा. गाठ मारायचा, कान लावून ऐकायचा, परत गाठ मारायचा. प्रभुलिंग तेव्हा गोव्यात खेळत होता. सुट्टीला आला की बापाची नक्कल करून आईला हसवायचा. वय झालं की होतं, म्हणायचा. एकदाच बाप त्याच्याकडं वळला, नीट ओळखीनं बघितलं, बोट स्वतःच्या खळग्यावर ठेवलं आणि म्हणाला, ‘तम्मा, तली जोपान.’ बाळा, डोकं सांभाळ. प्रभुलिंगला तेव्हा ते हसू आलं होतं. डोकं तर त्याचं नाव होतं, डोक्यावर त्याचं पोट होतं.

रविवारी दुपारी मैदानाभोवती दोर लावला होता. जिल्हा संघटनेचा सचिव शिवराज, ज्यानं आयुष्यात बॉलला पाय लावला नाही पण प्रत्येक फोटोत बॉल धरून उभा असतो, तो सगळ्यांच्या पुढं पुढं करत होता. पुण्याचा माणूस खुर्चीवर, काळा चष्मा, मांडीवर बॅग. शिवराजनं कुठल्यातरी दुकानदाराकडून सगळ्यांना नवे बूट उकळले होते, आणि सामन्याआधी प्रभुलिंगलाही एक डबा हातात कोंबला. ‘घाल बे. त्या फाटक्या बुटांनी उभारलास तर आमची लाज जाईल.’ प्रभुलिंगनं घातले. सकाळीच त्यानं म्हैस फिरवून घेतली होती, पोरींकडून, आणि प्रत्येक पट्टा झाला की अंकिताला विचारत होता, झाला ना? नक्की झाला ना? अंकितानं शेवटी हात जोडले. ‘झाला वो सर. शपत घिऊ का आता?’

संघप्रिया त्या दिवशी जशी खेळली तसं प्रभुलिंगनं आयुष्यात कमी जणांना खेळताना पाहिलंय. पट्टी बांधलेला हात अंगाशी धरून ती उडत होती. समोरून येणारा प्रत्येक उंच बॉल तिचा. ठक. ठक. प्रत्येक वेळी तो आवाज प्रभुलिंगच्या स्वतःच्या कवटीत उठत होता आणि प्रत्येक वेळी काळा चष्मा मान हलवत होता. पारूबाई दोराजवळ पदर तोंडात धरून उभी होती. मग कॉर्नर आला. संघप्रिया वर गेली, पाहुण्यांची एक दांडगी पोरगी वर गेली, आणि दोघींच्या मधे बॉल नव्हताच. आवाज झाला तो लाकडावर लाकूड बसल्यासारखा.  दांडगी पोरगी रडत उठली. संघप्रिया पडली होती, गाल मातीला टेकून. प्रभुलिंग स्प्रेचा डबा घेऊन धावला, का धावला, कसा पोचला, काही कळलं नाही. ती डोळे उघडून हसली. उठली. चार पावलं चालली, थांबली, वळली, परत थांबली. मग अगदी शांतपणे, बसस्टँडवर गाडीची चौकशी करावी तसं, तिनं विचारलं,

‘सर, आपला गोल कुठला?’

प्रभुलिंगनं तोंड उघडलं. कडुलिंबाकडं बघितलं, तिकडं एक गोल होता. उलट बाजूकडं बघितलं, तिकडंही तसाच गोल होता, तशीच जाळी, तशीच पोस्ट. मध्यंतर झालं होतं का? संघांनी बाजू बदलल्या होत्या का? त्याला माहीत नव्हतं. या मैदानावर दोनच माणसांना आपला गोल माहीत नव्हता आणि त्यातला एक कोच होता. मागून शिवराज ओरडला, ‘काय बघत बसलायस? मार की स्प्रे! काही होत न्हाय, उठलीय ती.’ पुण्याचा माणूस उभा राहिला होता, घड्याळ बघत होता. संघप्रिया प्रभुलिंगच्या तोंडाकडं बघत होती. बघत नव्हती, वाट बघत होती. आणि त्याच्या तोंडात ते तीन शब्द आले. आयते. जिभेवर ठेवलेल्या गोळीसारखे. बोलायचा अवकाश, ती पळत गेली असती, आणि कुणी सांगावं, पुढचा कॉर्नर तिनं जाळीत घातला असता, पेपरात फोटो आला असता, बुद्धनगरात हलग्या वाजल्या असत्या. त्यानं मान खाली घातली. समोर मातीत दोन पांढरे बूट उभे होते. एकही शिंतोडा न उडालेले. नवेकोरे. त्याला क्षणभर वाटलं तोच आलाय, ज्याला चेहरा नाही. मग बोटं हलवून बघितली. बूट हलले.

‘साकु,’ तो म्हणाला. पुरे. त्याच्या तोंडून कानडी गेली हे त्याला कळलं, पण आता परत घ्यायला वेळ नव्हता. ‘साकु. बा, यव्वा.’ पुरे, ये बाई. त्यानं तिचा दंड धरला आणि तिला मैदानाबाहेर चालवायला लागला. तिला शब्द कळले नाहीत, दिशा कळली. ती खवळली. ‘सर, सोडा. सोडा म्हणते न्हवं! मला काय झालं न्हाय. त्यो माणूस बघायलाय की!’ त्यानं सोडलं नाही. ‘तुमाला जमलं न्हाय म्हणून माझं वाटुळं करता व्हय?’ हे तिनं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हटलं. दोराजवळून पारूबाई आली, कोचसमोर हात जोडले. ‘सर, खेळू द्या की वो. लेकराला खेळायचंय तर खेळू द्या की.’ आईचे जोडलेले हात बघून त्याला थांबावंसं वाटलं. तो थांबला नाही. बदली खेळाडू आत गेली. काळ्या चष्म्यानं बॅगेची चेन ओढली. शिवराज तरातरा आला, तोंडातून थुंकी उडत होती. ‘तुला कळतंय का तू काय केलंस? डोकं फिरलंय का तुझं?’

‘व्हय,’ प्रभुलिंग म्हणाला. ‘फिरलंय. कुणी फिरवलं ते विचार की.’

शिवराजनं हात झटकला. तो पुण्याच्या माणसामागं पळाला. कडुलिंबाखाली प्रभुलिंग पोरीला घेऊन बसला. ती बराच वेळ रडली, नाक ओढत, त्याच्याकडं पाठ करून. मैदानावर सामना चालूच होता, शिट्ट्या वाजत होत्या. दिपालीला फोन लावून रिक्षा घेऊन ये, मोठ्या दवाखान्यात जायचंय, असं त्यानं सांगितलं. ‘कुणाला?’ तिनं विचारलं. ‘दोघांना,’ तो म्हणाला. ‘निघाले,’ ती म्हणाली. मग संघप्रियाचं रडं थांबलं. ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आपला पट्टी बांधलेला हात तिनं डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

‘सर, हे काय झालंय वो माझ्या हाताला?’

समोर येऊन बसलेली पारूबाई पोरीकडं बघत राहिली. मग कोचकडं. जोडलेले हात कधी सुटले ते तिला कळलं नव्हतं. प्रभुलिंगनं संघप्रियाला सांगितलं. म्हशीचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं, फळी काल फिरवली की मागच्या वर्षी, याचंही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी. ऐकून झाल्यावर तिनं मैदानाच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं, आणि परत गोलचंच विचारलं. तिला आधी विचारलेलं आठवत नव्हतं.

आता या. रिक्षा यायला वेळ आहे, तोवर या. गार हॉल सोडा, बिल्ला काढून ठेवा, ते पांढरे बूट घाला आणि या मातीत येऊन उभे राहा. इथं खिळे आहेत, सांभाळून या. त्या दिवशी त्या चिखलात वाकून उठ म्हणणारा तुमच्यातला कोण होता, त्याचं नाव सांगा, त्याचा चेहरा दाखवा. त्याला माहीत होतं की नव्हतं, ते सांगा. आणि नाव सांगायची हिंमत नसेल तर निदान या पोरीला उत्तर द्या. तिची आई समोर बसलीय, कोच शेजारी बसलाय, दोघांनाही येत नाही. तुम्ही एवढी वर्षं हा खेळ चालवताय, तुम्हाला माहीत असायलाच हवं. ती विचारतेय, आपला गोल कुठला. गप्प का? सांगा.